पन्नाशीच्या पाऱ्यात पहिला उन्हाळा: कोकणातून आखातात निघालेल्यांसाठी

दापोली, मंडणगड, खेड, राजापूर या पट्ट्यातल्या कित्येक घरांतलं कुणी ना कुणी दुबईला, कुवेतला नाहीतर सौदीला असतं. तरी पहिल्यांदा निघणाऱ्याला सल्ला मिळतो तो एकच: "गरमीचं काय घेऊन बसलास, आपल्याकडे मे महिन्यात कमी उकडतं काय?" कोकणातला उकाडा सोसायची सवय कामाला येते, पण अर्धीच. आपल्याला घामाने निथळणं माहीत असतं. घाम दिसतच नाही अशी गरमी माहीत नसते, आणि आखातात नवा माणूस बहुतेक वेळा तिच्यातच फसतो. पुढचं सगळं बाहेर उन्हात काम असणाऱ्यांना डोळ्यांपुढे ठेवून लिहिलं आहे. ऑफिसात बसणाऱ्यांनी घराचा आणि आजाराचा भाग वाचला तरी चालेल.

१. आधी आकडा वाचायला शिका

हवामान खात्याचं तापमान सावलीतलं असतं. जमिनीपासून सव्वा ते दोन मीटर उंचीवर, पांढऱ्या झडपांच्या पेटीत, वारा खेळता ठेवून ते मोजतात. उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर ५८ दिसले म्हणून शहराचं तापमान ५८ होत नाही. व्हॉट्सॲपवर फिरणारे साठ-पासष्टचे फोटो बहुधा असेच काढलेले असतात.

विक्रम थोडक्यात सांगतो, कारण रोजच्या जगण्याला त्यांचा उपयोग बेताचा. जागतिक हवामान संघटनेच्या नोंदीत सर्वांत जास्त तापमान अमेरिकेतल्या डेथ व्हॅलीत फर्नेस क्रीकला लागलं: ५६.७ अंश, १० जुलै १९१३. लिबियातल्या अल अझिझियाचा १९२२ सालचा ५८ अंशांचा आकडा जुन्या सामान्यज्ञानाच्या पुस्तकांत अजून भेटतो, पण संघटनेने तो २०१२ मध्ये रद्द केला. कुवेतमधल्या मित्रिबाहला २१ जुलै २०१६ रोजी ५३.९, पाकिस्तानातल्या तुर्बतला २८ मे २०१७ रोजी ५३.७, आणि आपल्या राजस्थानात फलोदीला १९ मे २०१६ रोजी ५१ अंश. वर्षभराची सरासरी पाहिली तर इथिओपियातलं डलोल सगळ्यांच्या पुढे, १९६० ते ६६ या काळात ३४.६ अंश. पण ती खाणवस्ती कधीच ओस पडली.

राहायला जाणाऱ्याने विक्रमाऐवजी जुलै-ऑगस्टची सरासरी पाहावी. कुवेत शहरात जुलैची दुपार ४६-४७ अंशांची आणि पहाट ३०च्या आसपासची. इराकमधल्या बसऱ्याला तसंच. दुबईत ऑगस्टची दुपार ४१-४२, रात्र ३०. रत्नागिरीत मे महिन्याची दुपार ३२-३३ आणि रात्र २५-२६. रात्रीचा आकडा लोक बघत नाहीत, आणि तोच जास्त बोलतो. दिवसा तापलेलं अंग रात्री निवायला हवं, ते ३०च्या वर निवत नाही. ओमानच्या किनाऱ्यावर कुरय्यातला जून २०१८ मध्ये अख्ख्या चोवीस तासांत पारा ४२.६च्या खाली उतरला नव्हता.

आता दमटपणा. मोबाइलवर सकाळी ९० टक्के आर्द्रता दिसते आणि दुपारी ४५ अंश. लोक दोन्ही एकत्र करून घरी फोनवर सांगतात: "इथे ४५ डिग्री आणि नव्वद टक्के." असं पृथ्वीवर कुठेच होत नाही. हवा तापली की तेवढ्याच बाष्पाची टक्केवारी घसरते. म्हणून टक्के सोडा आणि ॲपमध्ये दवबिंदू शोधा, म्हणजे हवा जितकी निवली की दव धरू लागतं तो आकडा. तो दिवसभरात फार हलत नाही. रत्नागिरीत मे महिन्यात दवबिंदू २५-२६च्या घरात असतो. आखाताच्या किनाऱ्यावर ऑगस्टमध्ये तो २८-३० होतो. सौदीतल्या दहरानला ८ जुलै २००३ रोजी ३५ नोंदला गेला होता, तेव्हा तापमान होतं ४२.

तापमान आणि दमटपणा मिळून अंगावर काय भार पडतो ते सांगणारा आकडा म्हणजे वेट बल्ब तापमान. थर्मामीटरच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळून वारा दिला की पारा जिथवर उतरतो, तो हा आकडा. घामाने अंग जास्तीत जास्त किती निवेल, याची ती हद्द. तीन ठिकाणं शेजारी ठेवून बघा:

रत्नागिरी, मे, ३३ अंश, ७० टक्के: वेट बल्ब साधारण २८.
कुवेत, जून, ४७ अंश, १० टक्के: साधारण २२ ते २३.
दुबईचा किनारा, ऑगस्टची संध्याकाळ, ३६ अंश, ७० टक्के: साधारण ३१.

मधली ओळ वाचून कुवेत रत्नागिरीपेक्षा सोपं असा निष्कर्ष काढू नका. तिथे घाम झटकन सुकतो म्हणून अंग निवतं, पण त्यासाठी पाणी भराभर खर्च होतं. शिवाय बाहेरची हवा कातडीपेक्षा दहा-बारा अंशांनी गरम, म्हणजे वारासुद्धा उष्णता अंगात ढकलतो. तिसरी ओळ खरी धोक्याची. वेट बल्ब ३५ झाल्यावर धडधाकट माणूससुद्धा सावलीत बसून काही तासांपलीकडे तगत नाही, हे गणिताने काढलेलं. पण प्रयोगशाळेत तरुण, निरोगी माणसांवर घेतलेल्या चाचण्यांत शरीराचा तोल ३१च्या आसपासच सुटू लागलेला दिसला. सिंधमधलं जेकबाबाद आणि युएईतलं रास अल खैमा इथे ३५चा उंबरठा तास-दोन तासांपुरता ओलांडला गेल्याच्या नोंदी आहेत.

आणि साधा ३८चा आकडाही हलका समजू नये. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या मैदानात उन्हात तासन् तास बसलेल्या लोकांपैकी १४ जण दगावले, तेव्हा पारा ३८च्या आसपास होता. किनारपट्टीवर कमाल तापमान ३७ झालं आणि ते नेहमीपेक्षा साडेचार अंशांनी जास्त असलं की भारतीय हवामान खातं उष्णतेची लाट धरतं. मैदानी भागात त्यासाठी ४० लागतात. हा फरक उगीच ठेवलेला नाही.

२. जायचा महिना ठरवा, निदान जाणून घ्या

महिना हातात असेल तर ऑक्टोबर ते फेब्रुवारीत रुजू व्हा. मार्च-एप्रिलचा चढता उन्हाळा अंगाला हळूहळू तयार करतो. सगळ्यात वाईट म्हणजे जुलैमध्ये कोकणातल्या भर पावसातून उठून थेट कुवेतच्या दुपारी उतरणं.

तिथल्या उन्हाळ्याचेही दोन भाग आहेत. जून-जुलैत वायव्येकडून शमाल नावाचा कोरडा वारा सुटतो, धूळ उडवतो, आणि कुवेत-बसऱ्याकडे भाजून काढतो. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये तो मंदावतो, आखाताचं पाणी ३२ ते ३५ अंशांपर्यंत तापलेलं असतं, आणि युएई, कतार, बहरीनच्या किनाऱ्यावर दमट गरमी बसते. आपल्याकडे दुपारचे खारे वारे सुटले की जीव जरा थाऱ्यावर येतो. तिथे ऑगस्टमध्ये समुद्रावरून आलेला वारा उलट जास्त छळतो, हे पहिल्या वर्षी कुणाला खरं वाटत नाही.

ओमानमधल्या सलालाला नोकरी लागली असेल तर हा लेख इथेच मिटलात तरी चालेल. मोसमी वाऱ्यांमुळे तिथे जून ते सप्टेंबर धुकं, रिमझिम आणि पंचविशीतलं तापमान असतं, आणि नारळी-केळीही आहेत.

मक्केचं गणित वेगळं. तिथे डोंगरांमधली कोरडी गरमी आणि तुडुंब गर्दी एकत्र येतात. जून २०२४च्या हजमध्ये मशीद-अल-हरामपाशी ५१.८ अंश नोंदले गेले आणि तेराशेहून अधिक यात्रेकरू मृत्युमुखी पडले. घरातल्या वडीलधाऱ्यांना पाठवताना पांढरी छत्री, पाण्याची फवारणीची बाटली आणि दुपारी तंबूतून न हलण्याची ताकीद, या तिन्ही गोष्टी सोबत द्या.

३. निघण्यापूर्वी

निघायच्या आधीचे दोन आठवडे रोज संध्याकाळी चारच्या सुमारास तासभर झपझप चाला, घाम येऊ द्या. पावसाळा असेल तर घरात पंखा बंद करून व्यायाम करा. शरीरात जो बदल व्हायचा तो सात ते चौदा दिवसांत होतो: घाम लवकर सुटू लागतो, जास्त येतो, त्यातलं मीठ कमी होतं, आणि तेवढ्याच कामाला छातीची धडधड कमी होते.

रक्तदाबासाठी लघवी जास्त करणाऱ्या गोळ्या, मानसिक आजारावरची काही औषधं, सर्दीच्या झोप आणणाऱ्या गोळ्या, यांनी उष्णता सोसण्याची ताकद घटते. गोळ्या स्वतःहून बंद करू नका. डॉक्टरांना कुठल्या देशात आणि कुठल्या महिन्यात जाताय ते सांगा. इन्सुलिन घेणाऱ्यांनी ते सामानाच्या बॅगेत न टाकता हाताशी ठेवावं. ३० अंशांच्या वर राहिलं की ते निकामी होत जातं.

एजंटला तीन प्रश्न लेखी विचारा. साइटवर नेणाऱ्या बसला एसी आहे का, खोलीत किती माणसं आणि एसी किती, आणि उन्हाळ्यात पाळी किती वाजता सुरू होते.

कपडे सैल, सुती, फिक्या रंगाचे आणि पूर्ण बाह्यांचे. कोकणात गरम झालं की आपण बनियनवर येतो, ते दमट हवेत ठीक आहे. कोरड्या ४७ अंशांत उघडी कातडी म्हणजे उन्हाला आणि गरम वाऱ्याला मोकळं रान. अरब लोक पायघोळ कपडे घालून डोकं-मान झाकतात, ते काही नुसती रीत म्हणून नाही.

सामानात कोकम आगळाची बाटली, आमसुलं आणि उकडा तांदूळ हवेतच. पण घरच्या मालवणी मसाल्यात खसखस असते, आणि युएई, सौदीत खसखशीला अमली पदार्थांच्या यादीत टाकलेलं आहे. आईने प्रेमाने बांधून दिलेल्या पुडीपायी विमानतळावर अडकायचं नसेल तर मसाला खसखस न घालता वेगळा कुटून घ्या. तिळगूळ, लाडू, अनारसे यांतही नीट बघा. अनारशाला तर ती बाहेरूनच लावलेली असते.

४. पहिले चौदा दिवस

कामावर उष्माघाताने होणाऱ्या मृत्यूंपैकी बरेचसे पहिल्या काही दिवसांतले असतात. म्हणून मानक असं आहे: नव्या माणसाला पहिल्या दिवशी पाळीचा २० टक्केच वेळ उन्हात, मग रोज २० टक्के वाढ. आठ तासांच्या पाळीत पहिल्या दिवशी दीडेक तास, दुसऱ्या दिवशी तीन, तिसऱ्या दिवशी पावणेपाच, चौथ्या दिवशी सव्वासहा, आणि पाचव्या दिवशी पूर्ण पाळी. मुकादम हे ऐकेलच असं नाही. पण सावलीतली कामं, सामान मोजणं, हत्यारं लावणं वगैरे, पहिल्या आठवड्यात स्वतःहून मागून घेता येतात. नवा म्हणून दाखवून द्यायची खुमखुमी इथे नडते.

दुपारच्या बंदीच्या वेळा पाठ करा. युएईत १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उन्हात काम करवून घ्यायला मनाई आहे. सौदीत त्याच तारखांना बारा ते तीन. कुवेतमध्ये १ जून ते ३१ ऑगस्ट अकरा ते चार. कतारमध्ये १ जून ते १५ सप्टेंबर सकाळी दहा ते साडेतीन, शिवाय ऊन, वारा आणि दमटपणा धरून काढलेला निर्देशांक ३२.१च्या वर गेला की वेळ कुठलीही असो, काम थांबवायचं. नियम उन्हातल्या कामाचा आहे. पत्र्याच्या शेडमध्ये वेल्डिंग करणाऱ्याला त्याचा आधार मिळत नाही, आणि जहाजाच्या इंजिनरूममधल्या खलाशाला तर नाहीच. तिथे बाराही महिने ४५च्या घरात पारा असतो. अशांनी पाणी आणि विश्रांतीचं वेळापत्रक स्वतःच पाळायचं.

५. पाणी आणि मीठ

कोकणात शर्ट भिजला की कळतं, पाणी प्यायला हवं. कुवेतच्या जूनमध्ये शर्ट कोरडा राहतो आणि संध्याकाळी त्यावर मिठाचे पांढरे ओघळ उमटलेले दिसतात, बहुतेक काखेत, पाठीवर आणि टोपीच्या कडेला. तहानेची वाट पाहिली तर उशीर झालेला असतो.

माप असं: काम करताना दर १५-२० मिनिटांनी एक पेला, म्हणजे पाव लिटरच्या आत-बाहेर. तासाला दीड लिटरच्या वर जाऊ नका. घटाघटा नुसतं पाणी पिऊन रक्तातलं मीठ पातळ होतं, डोकं दुखतं, उलटी होते, माणूस बरळतो. बघणाऱ्याला वाटतं पाणी कमी पडलं, आणि तो आणखी पाजतो. दोन तासांच्या वर घाम गाळायचा असेल तर मीठ पोटात जायला हवं. ओआरएसची पुडी सगळ्यात सोपी. ती नसेल तर एक लिटर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. मीठ अंदाजाने टाकू नका, जास्त झालं तर अपाय होतो. मिठाच्या गोळ्या घेऊ नयेत.

आपलं घरचं खाणं इथे कामाला येतं. पहाटे निघताना मीठ घातलेली उकड्या तांदळाची पेज पोटभर घेतली तर पाणी, मीठ आणि ताकद तिन्ही मिळतात. आगळात मीठ असतंच, दोन चमचे ग्लासभर पाण्यात टाकून वर साखर घातली की झालं. रक्तदाब असणाऱ्यांनी मात्र वरून मीठ घेण्याआधी डॉक्टरांना विचारावं. चहा दोन-तीन कप चालतो. ऊर्जापेयांचे डबे साइटवर सर्रास पितात, तेवढं टाळा.

लघवीचा रंग पाहत राहा. फिकट पिवळी ठीक. गडद झाली तर पाणी वाढवा. चहासारखी तपकिरी झाली आणि अंग ठणकत असेल तर स्नायू तुटून मूत्रपिंडावर ताण आलेला असू शकतो. त्या दिवशी काम बंद करून दवाखाना गाठा.

६. खोली

पंखा ३५पर्यंत मित्र. खोलीतली हवा ४०च्या वर गेली की कोरड्या अंगावर तो गरम हवा मारत राहतो. एसी बंद पडला तर अंग ओलं करून मगच पंख्याखाली बसा.

कूलर कुवेतच्या किंवा राजस्थानच्या कोरड्या हवेत चांगला चालतो. कोकणात आणि ऑगस्टच्या दुबईत तो खोलीत नुसती दमट वाफ भरतो.

एसी विकत घ्यायची वेळ आली तर कॉम्प्रेसर 'टी-३' वर्गाचा आहे ना, हे पाटीवर वाचा. 'टी-१' यंत्रं साधारण ४३ अंशांपर्यंतच्या बाहेरच्या हवेसाठी बनतात, 'टी-३' ५२पर्यंत. भारतातून नेलेलं किंवा जुन्या बाजारात मिळालेलं स्वस्त यंत्र नेमकं जुलैच्या दुपारी ट्रिप होतं, त्याचं कारण बहुधा हेच. आकडा २४-२५वर ठेवा. १८वर ठेवल्याने खोली लवकर गार होत नाही, कॉम्प्रेसर मात्र थांबत नाही. जाळी दर पंधरवड्याला, आणि धुळीच्या वादळानंतर लगेच, यंत्र बंद करून काढा, नळाखाली धुवा, सावलीत वाळवून बसवा. जाळी तुंबली की हवा कमी येते, आतल्या कॉइलवर बर्फ धरतो, मग पाणी गळायला लागतं आणि लोक गॅस संपला म्हणून मेकॅनिक बोलावतात.

गच्चीवरच्या टाकीतलं पाणी उन्हाळ्यात अंगावर घेववत नाही. जुन्या मंडळींची युक्ती अशी: मे महिन्यापासून गिझरचं बटण बंद ठेवायचं. गिझरची टाकी घराच्या आत, एसीच्या गारव्यात असते, म्हणून तिच्यातलं पाणी निवतं. मग गार पाण्यासाठी गरम नळ सोडायचा. टाकी लहान असते, दोन जणांच्या आंघोळीत संपते, तेव्हा खोलीत नंबर लावून घ्या.

उभ्या गाडीत पॉवर बँक, लायटर, सॅनिटायझर, औषधं ठेवू नका. मूल तर एक मिनिटही नाही. बंद गाडीत अर्ध्या तासात बाहेरच्यापेक्षा वीसेक अंश चढतात.

७. बिघडलं तर

घामोळं आपल्याला किरकोळ वाटतं. पण त्याने घामाची भोकं बुजतात आणि तेवढा भाग निववायला उरत नाही. तेल किंवा जाड पावडर थापू नका, अंग धुऊन कोरडं ठेवा. पोटरीत, पोटात पेटके आले तर मीठ कमी पडलं, थांबून ओआरएस घ्या.

चक्कर, मळमळ, फिकट पडलेला चेहरा, चिकट घाम, पण माणूस शुद्धीत आणि नीट बोलतोय, हा उष्णतेचा थकवा. सावली, आडवं झोपवणं, घोट घोट पाणी. अर्ध्या तासात उतार नाही पडला तर डॉक्टर.

बोलणं विसंगत, चाल झोकांड्या देणारी, कारण नसताना भांडण, फिट किंवा बेशुद्धी, हा उष्माघात. "घाम येतोय म्हणजे उष्माघात नाही" ही समजूत जीव घेते. काम करता करता झालेल्या उष्माघातात अंग घामाने चिंब असू शकतं. शरीराचं तापमान ४०च्या वर गेलेलं असतं आणि खेळ मिनिटांचा असतो. एकाने फोन लावायचा: युएईत ९९८, सौदीत ९९७, कुवेतमध्ये ११२, कतार आणि बहरीनमध्ये ९९९, ओमानमध्ये ९९९९, आपल्याकडे १०८. बाकीच्यांनी रुग्णवाहिकेची वाट न पाहता अंगावरचे जाड कपडे काढायचे आणि निववायला लागायचं. बर्फाच्या पाण्याचा पिंप असेल तर डोकं धरून गळ्यापर्यंत बुडवा. नसेल तर नळी, बादली, मिळेल त्या पाण्याने सगळं अंग सतत भिजवा आणि पुठ्ठ्याने वारा घाला. मान, काखा, जांघेत बर्फ. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका. पॅरासिटामॉलचा या तापावर उपयोग नाही, आणि खिशात कांदा ठेवण्याचा किंवा तळपायाला चोळण्याचाही नाही. त्यात फक्त वेळ जातो.

८. गावाहून परतताना

उन्हाची कमावलेली सवय आठवडाभरात ओसरू लागते आणि महिन्याभरात जवळजवळ जाते. मे-जूनमध्ये आंबे-फणस खाऊन आणि पहिला पाऊस बघून जुलैत परतणारा जुना माणूस म्हणूनच घसरतो. त्याला वाटतं आपल्याला काय, पाच वर्षं झाली. अशांसाठीही मानक आहे: पहिल्या दिवशी अर्धी पाळी, मग ६० टक्के, मग ८०, आणि चौथ्या दिवशी पूर्ण. गणपतीला येऊन सप्टेंबरअखेर परतलात तर शमाल थांबलेला असतो, पण दमटपणा असतोच, म्हणून हाच क्रम धरा. तिकीट शक्यतो असं काढा की उतरल्यावर एक पूर्ण रात्र झोप मिळेल. जागरण झालेल्या अंगाला ऊन लवकर लागतं, आणि विमानातून उतरून थेट साइटवर गेलेल्याचं आदल्या दिवसाचं पाणीही कमीच पडलेलं असतं.